माईक बंद करून पाहा

मा. आयुक्त, ठाणे महानगरपालिका, आणि
मा. आयुक्त, कल्याण-डोंबिवली महानगरपालिका यांस,



गडकरी रंगायतन नूतनीकरणानंतर २०२५च्या ऑगस्टमध्ये पुन्हा सुरू झाले, त्याबद्दल प्रथम आभार. १९७८पासून तलावपाळीवर उभी असलेली ही वास्तू, त्यानंतर आलेले डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह, कल्याणचे आचार्य अत्रे रंगमंदिर आणि डोंबिवलीचे सावित्रीबाई फुले कलामंदिर अशी चार मोठी नाट्यगृहे या पट्ट्यात पालिकांच्या मालकीची आहेत. मराठी व्यावसायिक नाटकाच्या शनिवार-रविवारचे गणित आता गिरगावावर बसत नाही, ते बऱ्याच अंशी या चार ठिकाणी बसते. त्यामुळे ही नाट्यगृहे कशी आहेत आणि पुढची कशी होणार, हा प्रश्न दोन महापालिकांच्या अंदाजपत्रकापेक्षा मोठा आहे. नाट्यगृहांबद्दल पालिकेच्या सभागृहात आणि वर्तमानपत्रांत जे बोलले जाते ते खुर्च्या, वातानुकूलन, वाहनतळ, स्वच्छतागृहे आणि उपाहारगृह यांबद्दल असते. ते सगळे हवेच. कलाकारांना स्वच्छतागृहांवरून आवाज उठवावा लागतो ही लाजेचीच बाब आहे. पण नाट्यगृहाचे पहिले काम यांपैकी एकही नाही. रंगमंचावर उभ्या माणसाने साध्या, कमावलेल्या गळ्याने उच्चारलेला शब्द शेवटच्या रांगेतल्या माणसाला यंत्राच्या मदतीशिवाय कळला पाहिजे, हे ते काम. शंभर वर्षांपूर्वी नाट्यगृह बांधणाऱ्यांना हे टाळताच येत नव्हते. आपल्याला ते टाळता येते, म्हणून आपण ते टाळतो. आपल्या पुढच्या निविदेत हे काम मोजमापासह अटीच्या रूपात यावे, एवढ्यासाठी हे पत्र आहे.

पुरावा म्हणून फार लांब जायला नको. चर्नी रोडचे रॉयल ऑपेरा हाऊस कलकत्त्याहून आलेले नाट्यव्यावसायिक मॉरिस बँडमन आणि मुंबईचे जहांगीर फ्रामजी कराका यांनी उभे केले. १९११ साली पंचम जॉर्ज बादशहाच्या हस्ते उद्घाटन झाले तेव्हा बांधकाम चालूच होते. ते पुढच्या वर्षी पुरे झाले. वरवर पाहणाऱ्याला तिथे बरोक शैलीचा थाट दिसतो: कमानी, गिलाव्यातल्या फुलमाळा, सोनेरी वर्ख, ससून कुटुंबाकडून आलेली झुंबरे. हा सारा परदेशी डामडौल, असे म्हणून आपण पुढे सरकतो. पण आत बसून वर पाहावे. आठ भागांत विभागलेले घुमटाकार छत आहे, बाजूंना बॉक्स आहेत, वर एकावर एक प्रेक्षकांचे मजले आहेत. त्या छताची घडण गॅलरीतल्या स्वस्त तिकिटाच्या प्रेक्षकालाही शब्द पोचावा अशी केलेली आहे. ज्याला आपण नक्षी समजतो तिचाही यात वाटा आहे. सपाट, गुळगुळीत भिंतीवर आदळलेला आवाज एकगठ्ठा परत येतो आणि कानाला टोचतो. उंचसखल गिलाव्यावर, बॉक्सच्या कठड्यांवर, कोनाड्यांवर आदळलेला आवाज फुटतो, विखुरतो आणि सगळ्या सभागृहात मऊपणे पसरतो. गिलावा करणाऱ्या कारागिराला हे सूत्र म्हणून ठाऊक नसेल, पण युरोपातल्या ऑपेरागृहांची दीडदोनशे वर्षांची परंपरा त्याच्या हातातल्या नमुन्यात मुरलेली होती. आज आपण जिप्समचे सपाट फॉल्स सीलिंग टाकतो, त्यात दिव्यांच्या चौकटी बसवतो आणि त्याला आधुनिक म्हणतो.

ऑपेरा हाऊसची पुढची कहाणीही उपयोगाची आहे. बालगंधर्व आणि दीनानाथांचा गळा ऐकलेल्या या वास्तूत बोलपट आले, नाट्यगृहाचे सिनेमागृह झाले, आतल्या रचनेत फेरफार झाले आणि १९९३ साली दारे बंद झाली. १९५२पासून मालकी असलेल्या गोंडलच्या राजघराण्याने पुढे जीर्णोद्धार करायचे ठरवले. वास्तुसंवर्धक आभा नारायण लांबा यांच्या हाताखाली काम होऊन २०१६च्या ऑक्टोबरमध्ये वास्तू पुन्हा उघडली आणि २०१७ साली तिला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळाला. त्या जीर्णोद्धारात झुंबरे चमकवणे हा सोपा भाग होता. नंतरच्या बदलांखाली हरवलेली रंगमंच, बॉक्स आणि छत यांची मूळ बैठक परत मिळवणे, तेही ध्वनीची आजची गरज सांभाळून, हे खरे काम. इमारतीचा आकार हेच तिचे वाद्य असते. तो बिघडवला की नुसत्या रंगरंगोटीने ते सुरात येत नाही.

दुसरा पुरावा आपल्या जास्त जवळचा आहे, कारण तिथे बांधणारा मराठी राजा होता आणि ऐकणारा प्रेक्षक मराठी. कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी १९१२ साली खासबागेत कुस्तीचे मैदान उभारले आणि त्याला लागूनच १९१५ साली पॅलेस थिएटर पुरे केले. १९५७पासून त्याला संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव आहे. राजाने कुस्ती आणि नाटक शेजारी शेजारी ठेवले आणि दोन्हीकडे एकच प्रश्न सोडवला: शेवटच्या माणसाला काय? खासबागेत चहूबाजूंनी चढत जाणाऱ्या बैठकीमुळे मागच्यालाही मातीतला डाव दिसतो. थिएटरात मध्ये खांब येत नसे आणि नटाचा शब्द मागे पोचत असे. त्या काळचे संगीत नाटक म्हणजे रात्ररात्र चालणारे गाणे, समोर ऑर्गन आणि तबला, आणि पिटातून येणारे ‘वन्समोअर’. ऑर्गनच्या भरदार सुरावरून नटाला रात्रभर गाऊन जायचे असे. सभागृहाने त्याला साथ दिली नसती तर चार प्रयोगांत गळा बसला असता.

८ ऑगस्ट २०२४च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, हे नाट्यगृह जळाले. रंगमंच आणि छत गेले, दगडी अंगाचा बराच भाग उभा राहिला. त्यानंतर कोल्हापूरकरांनी एकमुखाने मागितले ते ‘जसे होते तसे’. या मागणीत भावना होती हे उघड आहे, पण मला तिच्यात अचूक तांत्रिक समजही दिसते. ‘त्याहून चांगले, मोठे, अत्याधुनिक’ असे त्यांनी मागितले नाही. शंभर वर्षे कानांनी पारखलेला एक आकार त्यांच्याजवळ होता आणि तो कोणाच्या नव्या आराखड्याच्या भरवशावर सोडायला ते तयार नव्हते.

आता हा आकार म्हणजे नेमके काय, ते थोडे हिशेबाने पाहू. नाहीतर हे पत्र जुन्याच्या कौतुकाचे ठरेल. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. नटाचा गळा हे इंजिन एकच आणि ठरावीक ताकदीचे, म्हणून पहिला उपाय माणसे जवळ बसवणे हाच. नाटकासाठी रंगमंचापासून शेवटच्या खुर्चीचे अंतर साधारण २० मीटरच्या आत हवे असे नाट्यगृह बांधणारे जगभर मानतात, कारण त्यापुढे चेहऱ्यावरचे भावही पुसट होतात. पुढची थोडी जागा सोडून, दोन रांगांत तीन फूट धरले, तर वीसेक रांगांतच हे अंतर संपते. उरलेला प्रेक्षक मागे ढकलायचा की वर चढवायचा? ऑपेरा हाऊससारख्या जुन्या नाट्यगृहांनी तो वर चढवला. बाल्कनी म्हणजे स्वस्त तिकिटांची अडगळ नव्हे. मागच्या माणसाला उचलून रंगमंचाच्या जवळ आणणारी ती युक्ती आहे. मात्र तिच्याखालची जागा तिच्या तोंडाच्या उंचीच्या दुपटीहून खोल गेली की तिथल्या रांगा गुहेत बसल्यासारख्या होतात. हे प्रमाण नकाशावर पट्टी ठेवून तपासता येते, त्याला तज्ज्ञही लागत नाही.

दुसरी गोष्ट परतणाऱ्या आवाजाची. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. थेट शब्दानंतर सेकंदाच्या विसाव्या भागात भिंतीवरून परतलेला तोच शब्द कानाला वेगळा वाटत नाही, तो मूळ शब्दाला बळ देतो. त्याहून उशिरा, म्हणजे सुमारे १७ मीटरचा जास्तीचा फेरा मारून आला, तर तो पुढच्या अक्षरावर चढतो. ज्यांचे नाव ठाण्याच्या रंगायतनाला आहे त्या राम गणेश गडकऱ्यांची भाषा आठवा: अनुप्रासांनी लगडलेली, एका दमात धावणारी लांबलचक वाक्ये. घुमणाऱ्या सभागृहात त्या वाक्यांतले स्वर ऐकू येतात आणि व्यंजने विरघळतात. प्रेक्षकाला नाद मिळतो, अर्थ निसटतो. हार्वर्डच्या वॉलेस साबिन यांनी १९व्या शतकाच्या अखेरीस हा घुमारा मोजला. विद्यापीठाच्या फॉग संग्रहालयातल्या व्याख्यानगृहात एक शब्द सुमारे साडेपाच सेकंद रेंगाळत असे. साबिन रात्री शेजारच्या सँडर्स थिएटरच्या गाद्या तिथे उचलून आणत, थोड्या थोड्या वाढवत घुमारा किती कमी होतो ते ऑर्गनच्या नळीने आणि घड्याळाने नोंदवत, आणि सकाळ व्हायच्या आत गाद्या जागच्या जागी नेऊन ठेवत. त्यातून निघालेले सूत्र आजही वास्तुविद्येच्या विद्यार्थ्याला शिकवतात. बोलण्याच्या नाटकाला साधारण एक सेकंदाचा घुमारा मानवतो, सिंफनीला दोनाच्या आसपास लागतो. मराठी रंगभूमीला गद्य आणि नाट्यसंगीत दोन्ही हवे, म्हणून आपला आकडा एकाच्या किंचित पुढे असावा. सूत्राला सव्वाशे वर्षे झाली, तरी किती पालिकांच्या निविदांत हा आकडा लिहिलेला असतो? नाट्यगृहासाठी ‘उत्तम ध्वनियोजना’ असे मोघम लिहिले जाते आणि ठेकेदार त्याचा अर्थ महागडे स्पीकर असा घेतो. त्याला दोष देता येणार नाही.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. माईक आहेत, ध्वनियंत्रणा आहे, मग उघड्या गळ्याचा हट्ट का? आजचे नट सूक्ष्म अभिनय करतात, पार्श्वसंगीत मोठे असते, प्रेक्षकाच्या कानालाही मोठ्या आवाजाची सवय झाली आहे. हे सगळे मान्य. माझे म्हणणे माईक फेकून द्या असे नाही. माईकला चांगले सभागृह लागतच नाही, हा समज चुकीचा आहे. माईक आवाज मोठा करतो, स्पष्ट करत नाही. घुमणाऱ्या सभागृहात तो घुमाराही मोठा करतो. रंगमंचावर टांगलेले किंवा कडेला ठेवलेले माईक संवादाबरोबर पावलांचा धपधप आवाज, पंख्याची घरघर आणि विंगेतली कुजबुज उचलतात. आवाज वाढवायला गेले की शिट्टी वाजते. आणि एक गोष्ट यंत्राला सहज जमत नाही: डावीकडे उभा नट बोलला की शब्द डावीकडूनच यावा. स्पीकरमधून येणारे नाटक डोळ्यांना एका जागी आणि कानांना दुसऱ्या जागी दिसते. त्याहून महत्त्वाचे, ही नाट्यगृहे फक्त व्यावसायिक निर्मात्यांची नाहीत. एकांकिका करणारी महाविद्यालयाची पोरे, डोंबिवली-कल्याणच्या हौशी संस्था, राज्य नाट्य स्पर्धेत उतरणारे संघ, शाळांची संमेलने, यांना चांगला ध्वनिसंयोजक परवडत नाही. सभागृह चांगले असेल तर त्यांची निम्मी लढाई आधीच जिंकलेली असते.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि त्यात माझी बाजू थोडी लंगडी आहे हे आधीच सांगतो. जीर्णोद्धारानंतर ऑपेरा हाऊसमध्ये पाचशेच्या वरच थोड्या खुर्च्या आहेत. एवढ्या तिकिटांत मराठी नाटकाचा खर्च निघणे कठीण. निर्मात्याला भरलेली बाल्कनी लागते. म्हणून पाचशे खुर्च्यांचे नाट्यगृह बांधा असे मी म्हणत नाही. हजाराचे बांधा, पण ते हजार जण कुठे बसवता ते आधी ठरवा. पसरट, पंख्यासारख्या उघडणाऱ्या एकाच सपाटीवर हजार माणसे बसवणे सोपे आणि स्वस्त असते, पण त्यात बाजूच्या भिंती दूर जातात आणि मधल्या खुर्च्यांना उपयोगी पडणारा, लवकर परतणारा आवाज नाहीसा होतो. तेच हजार जण अरुंद सभागृहात दोन मजल्यांवर बसवले तर थोडा जास्त खर्च होतो आणि पुढची पन्नास वर्षे तो वसूल होत राहतो. खरी खर्चिक चूक वेगळीच आहे: ‘बहुउद्देशीय सभागृह’. मेळावा, लग्न, प्रदर्शन, सत्कार आणि नाटक एकाच छताखाली होईल, असे लिहून मंजुरी मिळवणे सोपे जाते. मेळाव्याला लागतो रुंद, सपाट, मोठ्या आवाजाचा हॉल. नाटकाला लागते नेमके उलट. एका इमारतीत दोन्ही घालू गेले की मेळावा कसाबसा होतो आणि नाटक होत नाही. मेळाव्यांसाठी वेगळे सभागृह बांधा. त्यावर टीका करणारे पत्र मी लिहिणार नाही.

तिसरा आक्षेप: जुनी नाट्यगृहे वातानुकूलित नव्हती, कोल्हापूरचे तर जळाले, आजचे अग्निशमन नियम आणि उकाडा यांचे काय? नियम कडकच हवेत, त्यात एका अंगुळाचीही सूट मागत नाही. पण जुन्या नाट्यगृहाचे ध्वनिगुण हे मुख्यतः त्याच्या आकारात असतात, जळणाऱ्या लाकडात नाही. आकार तोच ठेवून अंगाला न पेटणारे किंवा अग्निरोधक केलेले साहित्य वापरता येते. कोल्हापूरची मागणी पुरी करताना नेमके हेच करावे लागेल. वातानुकूलनाचा प्रश्न मात्र गंभीर आहे, आणि इथे जुन्यांकडून शिकण्यासारखे काही नाही, कारण त्यांच्याकडे ते नव्हतेच. नाटकाच्या सभागृहात यंत्रे चालू असतानाचा पार्श्वआवाज साधारण २५ ते ३० डेसिबलच्या आसपास हवा. त्यासाठी हवा मोठ्या नळ्यांतून सावकाश सोडावी लागते आणि यंत्रे सभागृहाच्या छतावर न ठेवता वेगळ्या पायावर दूर ठेवावी लागतात. नळ्यांना जागा मूळ नकाशातच ठेवावी लागते. पुढे छत खाली उतरवून त्यांना वाट करून दिली की सभागृहाचे घनफळ कमी होते आणि साबिनचे गणितही बिघडते. आधी इमारत, मग एसी, मग ध्वनी हा आपला नेहमीचा क्रम उलटा करावा लागेल.

आणखी एक शेरा ऐकू येतो, तो आक्षेपापेक्षा टोमणा जास्त आहे: बादशहा आणि महाराजांनी बांधलेल्या दिमाखाशी सामान्य ठाणेकराचा काय संबंध? तर परळच्या दामोदर नाट्यगृहाकडे पाहा. १९२२चे ते सभागृह ना. म. जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगचे, गिरणी कामगारांच्या वस्तीतले. कामगार रंगभूमी तिथे वाढली. अलीकडे त्याच्या पुनर्विकासाचा विषय आला तेव्हा रस्त्यावर उतरले ते कामगार कलाकारच. शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचणे ही श्रीमंतांची चैन नाही. शेवटच्या रांगेत बसणारा कोण असतो ते तिकीट खिडकीवरचा माणूस सांगेल.

म्हणून विनंती अशी. घोडबंदर पट्ट्यात, कल्याणच्या नव्या वस्तीत किंवा आणखी कुठे पुढचे नाट्यगृह मंजूर कराल, किंवा असलेल्यांपैकी एखाद्याची मोठी दुरुस्ती काढाल, तेव्हा ध्वनितज्ज्ञाची नेमणूक आराखडा पक्का होण्याआधी करा, नंतर नव्हे. रिकाम्या आणि भरलेल्या सभागृहाचा घुमारा, वातानुकूलन चालू असतानाचा पार्श्वआवाज आणि शेवटच्या खुर्चीचे अंतर हे आकडे निविदेत लिहा, आणि ते प्रत्यक्ष मोजून उतरल्याशिवाय ठेकेदाराचे शेवटचे बिल काढू नका. मोजणीचा अहवाल नाट्यगृहाच्या दर्शनी भागात लावा, म्हणजे पुढच्या दुरुस्तीत कोणी छत खाली उतरवले तर बदल लपणार नाही. ताबा घेण्याच्या दिवशी फीत कापण्याआधी एक साधी चाचणी घ्या: एसी चालू, माईक बंद, रंगमंचावर एखादा अनुभवी नट, आणि बाल्कनीच्या शेवटच्या रांगेत आपण दोघे, सोबत पालिकेचे अभियंते. नटाने एकदाच वाचलेला उतारा आपण कागदावर उतरवायचा. किती शब्द सुटले ते अहवालात जोडा.

कळावे,

आपला,
ठाण्यातला एक नाट्यप्रेक्षक